पडद्याची सुलटी बाजू

नंदुरबार, २ एप्रिल १९३३, रविवार

आज मुंबईचा माणूस आमच्या दारात! सुरतेकडच्या गाडीनं उतरला, टांगा केला आणि ‘गिरधर पाटलांचा बायस्कोप कुठे’ असं विचारत थेट ओट्यावर आला. रेगे नाव. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरंशुभ्र धोतर. मी तेव्हा उघड्या अंगानं बैलाच्या खुराला तेल लावत बसलो होतो. कसली लाज वाटली! सदरा चढवून बाहेर येतो तर हे गृहस्थ मायशी गप्पा मारताहेत. ती अहिराणीत, हे मुंबईच्या मराठीत. एकमेकांचं निम्मंच कळत असेल, पण दोघंही हसत होते.

रेगे मूकपटांचा महोत्सव भरवतात. गावोगाव. स्वतःला ते संचालक म्हणवतात. बोलपट आल्यापासून मूकपटांना कुणी विचारत नाही, म्हणाले. जुन्या फिती कारखानदार वजनावर घेतात आणि वितळवून बांगड्या करतात. ‘कुणाच्या तरी हातात आज एखादं अख्खं लंकादहन किणकिणत असेल, पाटील,’ असं म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. मोठा हळवा माणूस.

इथे कशाला आले? तर ‘राणी सुवर्णलेखा’साठी. ती फीत त्यांनी कोल्हापूरपासून सुरतेपर्यंत धुंडाळली, कुठेच नाही. आणि आमच्या तंबूत आहे! मी ती एका बुडालेल्या कंपनीकडून कायमची विकत घेतली होती, तेव्हा यंत्राचं हँडल फिरवणारा आमचा दाऊद म्हणाला होता, ‘गिरधरभाऊ, हाई रडकं चित्र कोन देखी?’ आता बघ म्हणावं.

महोत्सव नंदुरबारला भरवायचा ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी येतात, गाव भरलेलं असतं. मी लगेच हो म्हटलं. धुळ्याला मॅट्रिकला नापास झालो म्हणून आजवर ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना बघू दे आता.

४ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस रेगेसाहेबांच्या मागे मागे हिंडतोय. महोत्सव म्हणजे जत्रा नव्हे, हा पहिला धडा. मी आपला सात दिवस सात खेळ म्हणत होतो. ते म्हणाले, तीन दिवस, तीनच खेळ. पहिल्या दिवशी हसवणारा, म्हणजे लोक उद्या यायला तयार होतात. दुसऱ्या दिवशी मारामारीचा. शेवटचा जड ठेवायचा, तो माणसानं घरी घेऊन जायचा असतो. प्रत्येक खेळाआधी कुणी तरी चार शब्द बोलायचं, चारच. मामलेदारांना खुर्ची द्यायची, पण भाषण द्यायचं नाही. रीळ मध्येच थांबवून चहा-विडीची सुट्टी बंद. आणि हँडल एका लयीत फिरवायचं. दाऊदला भूक लागली की तो भराभर फिरवतो आणि राजेमहाराजे माकडांसारखे धावतात, हे त्यांनी एकदाच बघून ओळखलं. दाऊद हिरमुसला.

जागाही त्यांनीच शोधली. कापसाचा हंगाम संपलाय, सरकी काढायच्या जिनाचं गोदाम रिकामं पडलंय. दारं लावली की भर दुपारी आत काळोख. दुपारी तीनला खेळ लावता येईल, बायाबापड्यांना अंधारात घरी जायला नको.

मग आमच्या तंबूची पद्धत बघायला आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. आमच्याकडे पुरुष पडद्याच्या पुढे बसतात, बाया मागे. पडदा ओला केला की चित्र दोन्हीकडून दिसतं. कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, वडीलधाऱ्यांची अडचण नाही. पुढे दाऊद हँडल फिरवता फिरवता पुरुषांना गोष्ट समजावतो, मागे त्याची आई जन्नतबी बायांना. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

‘म्हणजे बायका चित्र उलटं बघतात?’ रेगे म्हणाले. ‘आणि पाट्या? मधल्या मजकुराच्या पाट्या कशा वाचतात?’

मी म्हटलं, साहेब, उलट्या पाट्या कोण वाचणार. जन्नतबी सांगते ना.

ते पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘पाटील, हे एवढं लक्षात ठेवा. करणाऱ्याचं म्हणणं बघणाऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे. मधे कुणी नको. महोत्सव एवढ्याचसाठी असतो.’

मी हे वाक्य मुद्दाम इथे लिहून ठेवतोय.

७ एप्रिल, शुक्रवार

रेगेसाहेब मुंबईला गेले, बाकीच्या फिती घेऊन चोवीस तारखेला येतील. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलंय. सगळा बंदोबस्त माझ्याकडे.

बाजारात आज गंमत झाली. तेलाच्या दुकानाशी झिपरू आणि त्याची बायको दगूबाई भांडत होती. कशावरून? तर ‘राणी सुवर्णलेखा’वरून! महिन्यापूर्वी दोघांनी खेळ बघितलेला. राणीचा मुलगा नदीत बुडाला, असं झिपरू म्हणतो. दगूबाई म्हणते, ‘तुन्हा डोया फुटनात का? परत नही उना का तो? राणीले पानी नही पाजं का त्यानी?’ लोक जमले. मी मध्ये पडून म्हटलं, बाया उलटं बघतात म्हणून त्यांना उलटं समजतं. सगळे हसले. दगूबाई मात्र माझ्याकडे रागानं बघत निघून गेली.

घरी आलो तर गजरा ओट्यावर शिवत बसलेली. माझी धाकटी बहीण. हिच्याबद्दल मी आजवर या वहीत लिहिलेलं नाही, लिहवत नव्हतं. परवाच्या सालच्या आषाढात माहेराहून कळसाडीला, सासरी जाताना, तापीवर प्रकाशा गावच्या घाटाशी नाव कलंडली. सगळे निघाले, तिचा भिकन निघाला नाही. तीन वर्षांचा पोर. नवसानं झालेला. आठ दिवस तापीत शोधलं, देहसुद्धा मिळाला नाही. तेव्हापासून ही आमच्याकडे. वर्षभर तर तोंडातून शब्द नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेली. वैद्य झाले, देवऋषी झाले.

या हिवाळ्यात माय तिला बळंच तंबूत घेऊन गेली आणि नेमका त्या दिवशी राणीचाच खेळ! नदीत मूल हरवलेल्या बाईचा. मी मायवर ओरडलो होतो. पण झालं भलतंच. गजरा ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवशी तिनं भाकर मागून खाल्ली. पुढे तो खेळ लागला की तीच आधी निघायची. वैद्यबुवा म्हणाले, रडलं की माणूस मोकळं होतं. पटलं मला. एवढं काम आमच्या बायस्कोपनं केलं, आणि लोक याला नाटकी धंदा म्हणतात!

आता कळसाडीहून पितांबररावांचा, तिच्या नवऱ्याचा निरोप आलाय. आखाजी झाली की न्यायला येतो म्हणून. आणि गजरा पहिल्यांदाच ‘जासू’ म्हणाली. माय देवापुढे बसून रडली. तिचा संसार पुन्हा लागला तर मला दुसरं काही नको.

शिवत होती ते अंगडं होतं, लाल गोंड्यांचं. म्हटलं, आपल्या वाहरूसाठी का? वाहरू माझा मुलगा, आता त्याला तिसरं चालू आहे. तर नुसती हसली. मी ते वाहरूला लावून बघितलं, तर गुडघ्याच्या खाली! म्हटलं, गजरे, तुला माप घेता येत नाही.

११ एप्रिल, मंगळवार

ठरलं. महोत्सवाचा समारोप बायांच्या खेळानं. शुक्रवारी तीन वाजता, ‘राणी सुवर्णलेखा’, फक्त बायांसाठी, आणि पडद्याच्या पुढे बसून! खुर्च्यांवर! रेगेसाहेबांनी तसं कळवलंय. आत पुरुष तीनच: हँडलला दाऊद, संचालक म्हणून ते, आणि पाट्या मोठ्यानं वाचायला मी. आम्ही तिघं यंत्रापाशी, सगळ्यांच्या पाठीमागे, म्हणजे कुणाला डोक्यावरचा पदर ओढायला नको. अख्ख्या खानदेशात हे कुठे झालं नसेल.

दाऊदला सांगितलं. तो यंत्राला तेल देत होता, देतच राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजे माय बोलाव नही?’

म्हटलं, दाऊद, मधे कुणी नको. महोत्सवाचा नियम आहे.

‘नियम शे ते बरं शे. पन मायले तू सांग, गिरधरभाऊ. मी नही सांगाव.’

लहानपणापासूनचा दोस्त, पण कधी कधी हा नाकावर माशी बसू देत नाही. तोंड फुगवून गेला.

१५ एप्रिल, शनिवार

उकाडा मरणाचा. मामलेदार कचेरीतून परवाना मिळाला. खुर्च्या कमी पडताहेत, पंचवीस शाळेतून आणि बाकीच्या लग्नघरांतून. जिनाच्या गोदामात कापसाचा भुगा इतका, की झाडणारा माणूस म्हातारा होऊन बाहेर आला.

१९ एप्रिल, बुधवार

आज जन्नतबी स्वतः आली. मीच जायला हवं होतं, पण टाळत होतो. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. तिला मी लहानपणापासून चाची म्हणतो, तिच्या हातच्या शेवया खाऊन वाढलो.

म्हणाली, ‘गिरधर, तू मन्हं काम काढं, ते जाऊ दे. मन्हा घसा बी आते चालस नही. पन तो राणीना खेळ बायासले म्होरे बसाडीसन नको दखाडू. दुसरा कोनता बी दखाड.’

का म्हणून विचारलं.

‘आमनाकडे तो पोऱ्या परत येस.’

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. खेळाच्या शेवटी म्हातारी राणी घाटावर बसलेली असते, एक तरणा वाटसरू येतो, ओंजळीनं तिला पाणी पाजतो, ती त्याच्या तोंडावरून हात फिरवते. खरं तर तो परका असतो, पाटी तसं स्पष्ट म्हणते. जन्नतबी बायांना सांगते, हाच राणीचा मुलगा! नावाड्यानं पैलतीरावर वाढवला, आता परत आला!

‘पह्यला डाव मी खरंच सांगं व्हतं,’ म्हणाली. ‘बाया उठेतच ना. एक ते तठेच पडी ऱ्हायनी. मंग मी सांगं, बठा, चुकनू मी, दखा, हाऊच तिना आंडोर.’

म्हणजे झिपरूची बायको जे बोलत होती ते हे! म्हटलं, चाची, तू महिने न् महिने खोटी गोष्ट सांगतेस? करणाऱ्यानं एवढ्या मेहनतीनं केलेली गोष्ट तू बदलतेस? रेग्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही राहणार.

ती काही रागावली नाही. उठता उठता म्हणाली, ‘गजराले तरी त्या दिन घर ठेव, बेटा.’

गजराला घरी ठेव! माझी बहीण, आणि ती सोडून गावच्या बाया पुढे बसणार? म्हटलं, गजरा पहिल्या रांगेत बसेल, आणि तुलाही तिच्या शेजारी मानाची खुर्ची ठेवतो. ‘माले खुर्ची नको,’ एवढंच बोलून गेली. काम गेल्याचं दुःख आहे, दुसरं काय. वाईट वाटतं, पण सुधारणा म्हटली की कुणाला तरी टोचणारच.

२४ एप्रिल, सोमवार

रेगेसाहेब आले. मी त्यांना जन्नतबीची कारागिरी सांगितली, आधी जरा भीत भीत. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘बाई हुशार आहे. तिनं स्वतःचा खेळ करायला हवा होता. पण दुसऱ्याचा खेळ आपला म्हणून दाखवू नये.’ मला वाटलं, हेच तर मला म्हणायचं होतं.

गजरानं आज बांगड्या भरून घेतल्या. हिरव्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. शेजारणींनी चिंचेला झोका बांधलाय, तिथे तिचा हसण्याचा आवाज आला, मी हातातलं काम टाकून ऐकत उभा राहिलो. अंगडं पुरं झालंय, घडी घालून तिनं आपल्या पेटीत ठेवलंय, कळसाडीला न्यायच्या कपड्यांत. दिराच्या पोरासाठी असेल.

मी सांगितलं, शुक्रवारी तुझा आवडता खेळ, आणि सुलटा बघायला मिळणार. तिचे डोळे चमकले. म्हणाली, ‘म्हंजे त्यानं तोंड नीट दखाई?’

म्हटलं, कुणाचं?

‘त्या पोऱ्यानं,’ ती म्हणाली.

२६ एप्रिल, बुधवार

पहिला दिवस झकास. गोदाम खच्चून भरलं. मामलेदार खुर्चीत बसले आणि भाषण न करता बसले, हाच पहिला चमत्कार. हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी चार शब्द बोललो, चाराचे चाळीस झाले, रेग्यांनी मागून सदरा ओढला. दाऊदनं हँडल घड्याळासारखं फिरवलं, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतोय.

संध्याकाळी रेगे आणि मी जिनाच्या ओट्यावर बसलो. म्हणाले, महोत्सव संपला की त्यांना दर वेळी उदास वाटतं. लोक घरी जातात, पुढे त्या गोष्टीचं काय करतात ते संचालकाला कधीच कळत नाही. मी म्हटलं, इथलं मी कळवीन.

२७ एप्रिल, गुरुवार. आखाजी

पुरणपोळी, आंब्याचा रस. पितरांना घागर. माहेरवाशिणी दिवसभर झोक्यावर. दुसरा खेळ पार पडला. ‘राणी सुवर्णलेखा’ची फीत मी खेळानंतर रेगेसाहेबांना कायमची द्यायचं कबूल केलं. ते तिला मुंबईत जपून ठेवणार, जशीच्या तशी. पैसे देत होते, मी घेतले नाहीत. मोठेपणा वाटला.

२८ एप्रिल, शुक्रवार

आताच घरी आलो. लिहायला बसलोय, पण आनंद झालाय की दुसरं काही, ते सांगता येत नाही.

बाया आल्या! येतील की नाही अशी धाकधूक होती. आधी दोघी, मग दहा, मग रांगच. खुर्चीवर बसायला लाजत होत्या, काही खाली मांडी घालून बसल्या. गजरा पहिल्या रांगेत मधोमध, हिरव्या बांगड्या, नवं लुगडं. शेजारची मानाची खुर्ची रिकामीच राहिली. रेग्यांनी चार शब्द सांगितले, ‘आज तुम्ही हा खेळ पहिल्यांदाच खरा बघताय.’ दारं लागली.

मी पाट्या वाचल्या. माझा आवाज चांगला आहे, शाळेत कविता म्हणायला मलाच उभं करत. वेढा पडतो, राणी बाळाला होडीत ठेवते, होडी रिकामी सापडते. बाया मुसमुसत होत्या. मग घाट आला, म्हातारी राणी, वाटसरू, ओंजळ. आणि बाया एकदम सावरून बसल्या, कुणी कुणी तर हसल्यासुद्धा, ‘उना वं उना!’ असं म्हणत. तेवढ्यात पाटी आली. मी वाचलं:

‘ज्याला ती पुत्र समजते तो केवळ एक वाटसरू. तिचा पुत्र त्याच दिवशी नदीने नेला.’

गोदामात गलकाच झाला. पार्वतीबाई, आमच्या गल्लीतली, खुर्चीवरून उठून मागे वळली आणि ओरडली, ‘चुकीनं वाचं तू! फिरी वाच!’ दुसऱ्या ओरडल्या, ‘जन्नतबी कोठे शे? तिले बलाव!’ दाऊदचं हँडल थांबलं. पाटी तशीच पडद्यावर. दाऊद माझ्या कानाशी म्हणाला, ‘नको वाचू, भाऊ. राहू दे.’

मला राग आला. मला वाचता येत नाही? मी पाऊल पुढे टाकलं आणि एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, पुन्हा वाचलं. पार्वतीबाई खाली बसली. रेग्यांनी घाईनं दाऊदला खूण केली, थांबलेली फीत दिव्यानं जळायला आली होती.

संपल्यावर सगळ्या उठल्या, गजरा बसूनच. मला वाटलं, अजून काही दिसेल म्हणून थांबली असेल. जवळ जाऊन म्हटलं, कसा वाटला सुलटा? तिनं पदर सारखा केला आणि मायसोबत निघाली.

रेग्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, ‘पाटील, आज एक मोठं काम झालं.’ फितीचे डबे घेऊन ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी स्टेशनवर पोचवून आलो. घरात सामसूम आहे. गजरा जेवली नाही, माय म्हणते डोकं दुखतंय.

२९ एप्रिल, शनिवार

डोकं दुखत नाहीये. गजरा भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

दोन वर्षांपूर्वीसारखी. अगदी तशीच. त्याच कोपऱ्यात. मी दारात उभा राहिलो आणि एकाएकी सगळं कळलं. गाढव आहे मी. शंभर वेळा गाढव. वैद्यबुवा म्हणाले रडल्यानं मोकळं होतं, आणि मी मान डोलावली! रडण्यानं नाही, ती त्या पोराच्या परत येण्यानं उठली होती. दर खेळाला तिचा भिकन घाटावर परत येत होता. जन्नतबीनं मला सरळ शब्दांत सांगितलं, गजराला घरी ठेव म्हणून, आणखी कसं सांगायचं असतं?

तसाच तिच्याकडे धावलो. चाची तांदूळ निवडत होती. मी तिच्या पायाशी बसलो, म्हटलं, चल, गजराला काही तरी सांग. सांग की गिरधर चुकला. तुझं ती ऐकते.

‘तिनी वाची लिधं, बेटा,’ ती म्हणाली. ‘आते मन्हं कोन आयकी?’

तरी आली. गजराच्या पाठीवरून हात फिरवत दुपारभर बसली. गोष्ट मात्र सांगितली नाही.

१ मे, सोमवार

आज मीच खोटं बोलायचं ठरवलं. आधी मनात आलं, ती पाटीच कापून टाकावी, तिला सुलट्या बाजूनं पुन्हा खेळ दाखवावा. पण फीत मुंबईला. जपून ठेवलेली, जशीच्या तशी. मीच दिली, फुकट, मोठेपणानं.

तिच्याजवळ बसून म्हटलं, गजरे, ती पाटी चुकीची होती. दुसऱ्या खेळातली मध्येच चिकटवलेली. बुडालेल्या कंपनीचं काम, असलंच असतं.

ती बोलली. तीन दिवसांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

‘दादा, मी बी चौथी शिकेल शे. तू वाचाना पह्यले मी वाचं व्हतं. माले वाटनं, मन्हंच चुकनं. इतला दिन उलटं दखेल, म्हनीसन चुकनं. तू वाचं, तवय बी वाटनं तू घाईमा वाचं.’ थांबली. ‘मंग तू दुसरा डाव वाचं.’

पहिलं वाचणं रेग्यांचं होतं, महोत्सवाचं होतं, करणाऱ्याचं म्हणणं होतं. दुसरं माझं. कुणी सांगितलं नव्हतं, उलट दाऊद नको म्हणत होता. मला वाचता येतं हे पार्वतीबाईला दाखवायचं होतं, बस्स.

५ मे, शुक्रवार

सकाळी टपालानं वर्तमानपत्राचं कात्रण आलं. रेगेसाहेबांनी लिहिलंय, नंदुरबारच्या स्त्रिया आता पडद्याच्या सुलट्या बाजूला आल्या, आणि याचं श्रेय श्री. गिरधर पाटील यांना. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं. खोटं काही नाही त्यात. इथलं कळवीन म्हणालो होतो त्यांना. काय कळवू?

दुपारी पितांबरराव गाडी घेऊन आले. चांगला माणूस, खाली मान घालून ओट्यावर बसले. मला वाटलं होतं गजरा उठणारच नाही. पण उठली. अंघोळ केली, वेणी घातली, पेटी भरली. माय म्हणाली, ‘ऱ्हाय ना वं, आजून आठ दिन.’ तर म्हणाली, ‘आते कसाले?’ नवऱ्याबरोबर जायला तयार झाली, हेच आम्हाला हवं होतं. असं नको होतं.

दाऊद आणि जन्नतबी निरोप द्यायला आले. चाचीनं शेवयांचं गाठोडं दिलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दाऊद माझ्या शेजारी उभा राहिला. मी म्हटलं, दाऊद, पुढच्या खेळापासून बाया पहिल्यासारख्या मागे, चाची बोलेल. तो म्हणाला, ‘कोनता खेळ, भाऊ? बाया आते इचारतस, लिखेल काय शे ते सांगा.’

पेटी गाडीत चढवायच्या आधी गजरानं ती उघडली आणि लाल गोंड्यांचं ते अंगडं काढलं. वाहरूला जवळ ओढून त्याच्या अंगात घातलं. बाह्या हाताच्या पार बाहेर, घोळ पोटऱ्यांवर. मी मागे चेष्टा केली होती, तुला माप घेता येत नाही म्हणून. माप अगदी बरोबर होतं. भिकन आता पाच वर्षांचा झाला असता.

‘त्याला मोठं होतंय,’ मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

‘हाऊ वाढी,’ वाहरूकडे बघत गजरा म्हणाली, आणि गाडीत बसली.

गाडी प्रकाशाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभा होतो. वाहरू काही ते अंगडं काढू देईना. मग मीच त्याच्या बाह्या दुमडून दिल्या.